एका चुलीची माणसं

“नातं सांगा,” मी म्हणाले. “तुमचं आणि यांचं.”

सगुणाक्कानं परातीतला हात थांबवला नाही. भाकरी थापता थापताच ती दाजिबाकडं बघून हसली. दाजिबा किसनकडं बघून हसला. किसनला पुढचे तीन दात नव्हते, म्हणून हसताना तो तोंडावर हात धरायचा, तसा त्यानं धरला. मला मात्र हसू येत नव्हतं. सकाळचे साडेसात वाजून गेले होते, साडेदहाला माझी शाळा भरायची आणि मालधक्क्याची निम्मी भिंत अजून मोजायची राहिली होती.

“अहो, हसताय काय? इथं रकाना आहे. नातं लिहावं लागतं.”

“चुलीचं म्हनून लिवा की,” दाजिबा म्हणाला.

“चुलीचं असं काही नातं नसतं.”

“नसतंय कसं? आक्का पीठ मळती. किसन पानी आनतो. सरपान माज्याकडं. तिगांतला येक जरी आला न्हाई तरी कुनाचंच जेवान हुईत न्हाई. आता ह्येला काय म्हंत्यात ते तुमाला ठावं. तुमी शिकलेल्या.”

मी शिकलेली होते खरी. आणि त्याचा तोरा काही कमी नव्हता. माझ्या वर्गात फळ्यावरची रेघ वाकडी गेलेली मला खपायची नाही, मुलांच्या वहीत समास सुटला नाही तर मी पान फाडायला लावायची. मगदूमबाई म्हटलं की चौथीची पोरं पाणी प्यायचीसुद्धा विचारून.

ब्याण्णव सालचा मार्च होता. आमचं गाव कृष्णाकाठचं, जंक्शनचं. दवाखान्यासाठी, कामासाठी, नाहीतर नुसतंच गाडी चुकली म्हणून उतरलेली कितीतरी माणसं तिथं राहून गेलेली. नगरपालिकेच्या मनात आलं की बंद पडलेल्या जकात नाक्याच्या इमारतीत एकट्या बेघर माणसांसाठी निवारा काढावा. त्यासाठी अशी माणसं किती, कोण, कुठली, याची पाहणी करायची ठरली, आणि अशी कामं जिथं येऊन पडतात तिथंच हेही येऊन पडलं. म्हणजे आम्हा शिक्षकांच्या डोक्यावर. एक दिवस प्रशिक्षण, हिरव्या फॉर्मचं पुडकं आणि सायक्लोस्टाइल केलेली बारा पानी सूचना पुस्तिका. बाकीच्यांनी पुस्तिकेच्या पुंगळ्या करून वारा घेतला. मी ती तीनदा वाचली आणि महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्या.

माझ्या वाट्याला मालधक्क्याची भिंत आली. एका बाजूला रेल्वेची मालगोदामं, दुसऱ्या बाजूला लाकडाची वखार आणि मध्ये चिंचेची चार झाडं. आज तिथं मोटारी लावायचा तळ आहे, पण मला अजून त्या बाजूनं जाताना ओल्या लाकडाच्या भुशाचा वास येतो. सकाळी वखारीतल्या करवतीचा पट्टा सुरू व्हायच्या आधी भिंतीलगत धूर उठायचा आणि ज्वारीच्या भाकरीचा वास सुटायचा. मी उपाशीपोटी गेलेली असायची. आपल्या खोलीवर एकटीसाठी स्टोव्ह पेटवायचा कंटाळा, म्हणून बऱ्याचदा चहाबरोबर पाव खाऊन निघायची. त्या वासानं भूक खवळायची, पण ते काही मी कुणाला कळू दिलं नाही.

तर ही तीन माणसं. दाजिबा सुतार मूळचा जतकडचा. बैलगाडीची चाकं करायचा. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि त्याचं काम संपलं, बायकोही त्याच सुमारास गेली. आता तो वखारीतल्या ढलप्या झाडून काढायचा आणि त्याबदल्यात दोन पाट्या ढलप्या आणायचा. किसन वायदंडे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दात पडले, फुंक निसटायला लागली, बँडवाल्यानं घरी पाठवलं. घर नव्हतंच. आणि सगुणाक्का कर्नाटकातल्या अथणीकडची. नवऱ्याला घेऊन इथल्या दवाखान्यात आली होती. नवरा गेला, आणि परत कुणाकडं जायचं ते तिला कळेना, म्हणून ती राहिली. साठीची असेल. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, आणि बोलताना दर दोन वाक्यांना एकदा “अय्य”.

“बाई,” दाजिबा जरा पुढं सरकून बसला. “आमाला तिगास्नी येकाच कागदावर लिवा. येवढं करा.”

“कशासाठी?”

त्यानं किसनकडं पाहिलं. सांगू का नको असं झालं त्याला. मग आक्कानंच सांगितलं.

“हितं तुळश्या म्हनून म्हातारा हुता. धा वर्सं हुता. श्रावणात मेला. आमी गेलो दवाखान्यात त्येला आनायला, तर तितलं लोक म्हंत्यात, तुमचा कोन? आता काय सांगावं? रोज तेच्यासंगं चा पीत हुतो, म्हनून सांगावं? दोन दिस कुनी आलं न्हाई म्हनून त्येला कालीजात दिला.”

“डाक्टरची पोरं शिकत्यात तितं,” किसन तोंडावर हात धरून म्हणाला. “चिरून.”

“शिकनं काय वाईट न्हवं,” दाजिबा म्हणाला. “पन मानूस मेल्यावर कुनीतरी म्हनावं की बाबा, ह्यो आमचा हाय. येवढंच. तुमचा सरकारी कागूद हाय. त्येच्यावर तिगांची नावं असली म्हंजे उरलेल्या दोगांनी जाऊन दावायचं.”

“आजोबा, ही निवाऱ्याची पाहणी आहे,” मी म्हणाले. “मयताचा दाखला नाही. आणि असं बघा, निवारा एकट्या माणसांसाठी आहे. एकेकटे लिहिलेत तर तुम्हाला खाट मिळेल, ट्रंक ठेवायला जागा मिळेल. कुटुंब म्हणून लिहिलं तर नंतर विचार करू म्हणतील, आणि ते नंतर कधी यायचं नाही. तुमच्याच भल्याचं सांगते.”

“खाट नगं बाई.”

“पाऊस आला की कळेल.”

मी तीन फॉर्म काढले. तिघांचे वेगवेगळे. प्रत्येकावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: एकूण व्यक्ती, एक. नात्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. आक्कानं पीठ लागलेला अंगठा लुगड्याला पुसून शाईत बुडवला. तिघांनी काही वाद घातला नाही. त्यांची वाद घालायची सवय गेलेली होती, हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, पटलं.

“जेवलासा का?” मी उठताना आक्कानं विचारलं.

“हो, जेवूनच आले,” मी खोटं बोलले आणि पुढच्या माणसाकडं गेले.

भिंत संपली तेव्हा माझ्याकडं एकेचाळीस एकटी माणसं जमली होती. पर्यवेक्षक शिकलगार सरांनी नुसता गठ्ठा बघूनच “वा” म्हटलं. फॉर्मच्या दोन प्रती असायच्या. एक सरांकडं गेली, दुसरी काम संपेपर्यंत माझ्या शबनम पिशवीत राहिली.

नऊ दिवसांनी, बुधवारी, मी चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. भाकरीचे चार भाग करून त्यातले तीन घेतले तर किती, वगैरे. दारात शिपाई आला आणि म्हणाला की बाहेर दोन माणसं आलीत, जात नाहीत.

आक्का आणि किसन व्हरांड्यात उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आक्काचा पदर तोंडाशी होता.

“दाजिबा गेलं,” किसन म्हणाला. “काल दुपारी. वखारीत झाडू मारताना छातीत कळ आली, खाली बसलं ते बसलंच. मालकानं हातगाडीवरनं सरकारी दवाखान्यात न्हेलं. आमी पोचस्तोवर संपलं हुतं.”

मी “अरे देवा” की असंच काहीतरी म्हणाले.

“तितला हवालदार म्हनतो, तुमचा कोन?” आक्का म्हणाली.

“आमी सांगितलं, आमी येक हाय,” किसन म्हणाला. “तर म्हनला, तोंडी चालत न्हाई, कायतरी लेखी आना. उद्या दुपारपातूर वाट बगतो म्हनला. मग बेवारस म्हनून लिवायला लागतंय त्येला. त्येची बी नोकरी हाय. तर बाई, तुमी लिवून घेतलं हुतं न्हवं? त्यो कागूद द्या.”

पिशवी वर्गातच खुर्चीला लटकवलेली होती. मी जाऊन हिरव्या प्रती घेऊन आले. तीन कागद एकदम हाती लागले नाहीत. किसनला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकला होता तो. त्यानं एक कागद वाचला, मग दुसरा, मग तिसरा. एकूण व्यक्ती, एक. एकूण व्यक्ती, एक. एकूण व्यक्ती, एक.

“बाई,” तो म्हणाला, “दाजिबाच्या कागदात आमी न्हाईच की.”

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं कागद नीट घडी घालून माझ्या हातात परत दिले, खराब होऊ नयेत म्हणून.

मी मुख्याध्यापकांकडं अर्धी रजा टाकली आणि दोघांना घेऊन उर्दू शाळेत गेले. शिकलगार सर तिथं मुख्याध्यापक होते. रमजान चालू होता. भर दुपार, ओठ सुकलेले, पण टेबलावर कागद रचून माणूस कामाला बसलेला. किसन आणि आक्का बाहेर बाकावर टेकले. मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, मला सांगायचं होतं तेवढं.

“नियमात बसत नव्हतं सर,” मी म्हणाले. “नातं नाही, म्हणून वेगवेगळे लिहिले. आता काय करता येईल?”

“पुस्तिका आहे तुमच्याकडं?”

मी पिशवीतून काढून दिली. सरांनी चष्मा चढवला, सहावं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

“ही रेघ कुणाची बाई?”

तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. पट्टीनं मारलेली, एकदम सरळ. तिच्यावर छापलं होतं: ‘एका चुलीवर शिजवून जेवणाऱ्या व्यक्ती एक कुटुंब समजाव्यात, मग त्यांच्यात नाते असो वा नसो.’

“माझी,” मी म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

मी मान खाली घातली. ठाऊक होतं. त्या सकाळी दाजिबा “चुलीचं लिवा” म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हीच ओळ आली होती. पण एका विधवा बाईचं नाव दोन परक्या पुरुषांबरोबर एका कागदावर, तेही माझ्या अक्षरात? कचेरीतले कारकून काय म्हणतील? मी अठ्ठावीस वर्षांची, लग्न न झालेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी बाई. संध्याकाळी सातच्या पुढं आले की घरमालकीण हुपरीकरकाकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. माझ्याकडं कोण आलं, कोण गेलं, याची अख्ख्या गल्लीला मोजदाद. अशा बाईला नाव जपावं लागतं, आणि नाव जपता जपता मी दुसऱ्यांची नावं तोडली. खाटेचं कारण मी त्यांना सांगितलं, आणि नऊ दिवस स्वतःलाही तेच सांगत होते. हे सगळं मी सरांना रडत सांगितलं. शाळेत रडलेली मी ती पहिलीच वेळ.

सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “तेवीस वर्षं मास्तरकी केली मी. पोराला उत्तर येत नसलं तर मला राग येत नाही. येत असून लिहीत नाही, तेव्हा येतो.” आणि ड्रॉवर उघडून त्यांनी कोरा हिरवा फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

मी पेन काढलं. कुटुंबातील व्यक्ती, तीन. दाजिबा यशवंत सुतार. सगुणा मल्लाप्पा हेगडे. किसन धोंडी वायदंडे. नात्याच्या रकान्यात लिहिलं: एका चुलीचे. तारखेशी येऊन मी थांबले. नऊ दिवसांपूर्वीची तारीख घातली असती तर काम सोपं होतं. कुणी विचारलंच नसतं. सर खिडकीतून बाहेर बघत होते, मुद्दाम बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मी आजची तारीख घातली आणि खालच्या शेऱ्याच्या जागेत लिहिलं: ‘सदर तीन व्यक्ती पाहणीच्या दिवशी एका चुलीवर जेवत होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांची नोंद वेगवेगळी झाली ती प्रगणकाची चूक आहे. ती आज दुरुस्त केली.’ खाली सही केली, पूर्ण नावानं. वैजयंता आप्पासाहेब मगदूम. मुलांच्या वह्यांवर मी ‘चूक’ हा शब्द हजारदा लिहिला असेल. स्वतःच्या नावावर लिहिताना त्याला एवढा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं.

सरांनी शिक्का मारला, सही केली आणि टोपी घातली. “चला,” म्हणाले, “मीही येतो. रोजा आहे, वेळ तरी जाईल.”

दवाखान्याच्या चौकीतला हवालदार बंडगर म्हणून होता. माणूस वाईट नव्हता, पेचात पडलेला होता. त्यानं फॉर्म दोनदा वाचला.

“हा निवाऱ्याचा कागद आहे सर. वारसाचा नाही.”

“वारस म्हणून नाही देत,” शिकलगार सर म्हणाले. “त्याला माणसं होती, एवढंच दाखवतोय. बेवारस म्हणजे ज्याला कुणी नाही तो. याला आहेत, हे लेखी आहे.”

“आणि हे ‘एका चुलीचे’ म्हणजे?”

सर माझ्याकडं वळले. उत्तर माझं होतं.

“म्हणजे हे तिघं रोज एकत्र जेवायचे,” मी म्हणाले. “यातला एक आला नाही तर बाकीच्यांचं जेवण व्हायचं नाही. मी पाहिलंय.”

बंडगरांनी बाहेर नजर टाकली. दाराशी आक्का उभी होती. किसननं कुठून तरी नवं पांढरं कापड पैदा केलं होतं आणि ते तो छातीशी धरून होता. बंडगर आत जाऊन साहेबांना फोन लावून आले. बराच वेळ लागला. आल्यावर रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं.

“बाई, मग ओळख पटवायला तुम्ही सही करणार? आत जाऊन बघावं लागेल.”

मी आत गेले. मेलेलं माणूस मी त्याआधी घरचंच तेवढं पाहिलं होतं. दाजिबाच्या दाढीत भुसा अडकलेला होता. मी म्हणाले, हो, हेच. बाहेर येऊन सही केली. संबंध या शब्दापुढं बंडगरांनी मला न विचारताच काहीतरी लिहिलं. नंतर मी वाचलं तर ‘परिचित’ असं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मग मागं राहायला नको. त्यानंतरच्या आठवड्यात मी ती भिंत दुसऱ्यांदा मोजली. या वेळी नातं विचारलं नाही. फक्त विचारलं, “जेवता कुणाबरोबर?” एकेचाळीस एकट्यांमधले खरोखरचे एकटे निघाले नऊ. बाकीच्यांच्या चुली होत्या. कुणाच्या दोघांत, कुणाच्या पाचांत. एक आंधळा आणि त्याला बाजारात नेणारा लंगडा, त्यांची तर चूलसुद्धा नव्हती, एका डब्यात दोघं जेवायचे. कचेरीत आरडाओरड झाली की आकडा पडला. शिकलगार सर म्हणाले, माणसं तेवढीच आहेत, फक्त रकाना बदललाय. दोन वर्षांनी निवारा झालाही. खाटा आल्या, पंखे आले, आणि भिंतीवर पाटी लागली की आत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे. तिथं ते नऊ जण झोपायचे. उरलेले भिंतीपाशीच राहिले. पावसात भिजले, पण राहिले. हे कुणी मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

तर त्या बुधवारची गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला दाजिबाला नदीवर नेलं. लाकडं वखारीच्या मालकानं दिली. भिंतीलगतची तीस-पस्तीस माणसं निघाली, आणि उपाशी-तहानलेले शिकलगार सर रोजा सोडायची वेळ जवळ येईपर्यंत त्यांच्याबरोबर होते. किसननं अग्नी दिला. आम्ही दोघी बायका चिंचेखाली राहिलो. आक्कानं दाजिबाची अंथरायची पोती झाडली, घडी घातली, परत झाडली. चुलीत कालची राख होती. ती तिनं काढली नाही.

“आक्का, चहा ठेवू का?” मी विचारलं.

“अय्य, चूल पेटवू नगा बाई. सुतक न्हाई का?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घरात कुणी गेलं की त्या दिवशी तिथं चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरेधायरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. पण हे शेजारचे सगळे नदीवर गेलेले, आणि सोयरे कुठून येणार?

मी खोलीवर गेले. स्टोव्ह पेटवला, पिठलं घेरलं, सहा भाकऱ्या थापल्या. माझ्या भाकऱ्या कधीच गोल येत नाहीत, त्या दिवशीही आल्या नाहीत. सवय एकीचाच अंदाज घ्यायची, त्यामुळे पीठ दोनदा भिजवावं लागलं. हुपरीकरकाकू वासानं वर आल्या.

“पाहुणे आलेत का गं वैजयंता?”

“नाही काकू. सुतक आहे एका घरात. कडू घास न्यायचाय.”

“कुणाच्या घरात?”

“मालधक्क्याच्या भिंतीपाशी,” मी म्हणाले. काकूंनी भाकऱ्यांवर नजर टाकली. मग खाली जाऊन दोन कांदे आणि लसणाच्या चटणीची वाटी घेऊन आल्या. त्यांना मी आयुष्यभर जेवढी नावं ठेवली, त्यातली निम्मी त्या वाटीनं फेडली.

मी पोचले तेव्हा किसन नदीवरून येऊन, अंघोळ करून ओल्या कपड्यांनी बसला होता. उजेड अजून होता. भिंतीवर पिवळं ऊन होतं आणि वखारीचा पट्टा बंद झाल्यामुळं सगळं शांत. मी डबा सोडला. आक्कानं तीन जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या काढल्या. एक स्वतःची, एक किसनची. तिसरी दाजिबाची होती, काठाला चेपलेली. ती तिनं धुतली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

“नको, मी घरी जाऊन जेवते,” मी म्हणाले.

“घरात कोन हाय?”

“कुणी नाही.”

“सकाळी काय खाल्लासा?”

मी डब्याचं झाकण चाचपत राहिले. गेल्या खेपेला मी खोटं बोलले होते ते तिला तेव्हाच कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग बसा की,” आक्का म्हणाली.

मी बसले. तिनं माझीच वाकडीतिकडी भाकरी माझ्या थाळीत वाढली, वर पिठलं घातलं. एक घास तिनं काढून भिंतीवर कावळ्यासाठी ठेवला. आम्ही तिघं जेवलो. किसन मध्येच थांबला, डोळे पुसले आणि म्हणाला, “पिठल्यात मीठ कमी हाय.” आक्का त्याच्यावर खेकसली. मग आम्ही तिघंही हसलो, सुतक असून.

निघताना मी थाळी धुवायला घेतली तर आक्कानं ती काढून घेतली. आतून-बाहेरून घासली आणि बाकीच्या दोन थाळ्यांवर पालथी घातली.

“उद्या चूल पेटवायची हाय,” ती म्हणाली. “येताना सरपान आना. ते काम त्येंचं हुतं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वखारीत गेले, मालकाकडं झाडू मागितला आणि दोन पाट्या ढलप्या भरल्या.